चोरट्या प्रतींचें अर्थशास्त्र

महाभाष्यकार पतंजलींनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. ज्यास घट हवा असतो तो कुंभाराच्या घरीं जाऊन घट करावयास सांगतो. परंतु ज्यास शब्द हवे असतात तो कांहीं वैयाकरणाच्या दारीं जाऊन शब्द करून मागत नाहीं. शब्द सर्वांचे आहेत, ते घडवून विकण्याचा धंदा कोणी करीत नाहीं, हा त्यांतील आशय. दोन हजार वर्षें हा दृष्टांत अबाधित राहिला. आमच्या पिढीनें मात्र तो उलटलेला पाहिला. केवळ अक्षरें आणि अंक यांनीं घडलेली एक वस्तु बाजारांत विकावयास आली, आणि ती घडविणारे पुरुष जगांतील अतिधनाढ्यांत गणले जाऊं लागले. ही वस्तु म्हणजे संगणकाची आज्ञावली. जिला आतां घरोघरीं सॉफ्टवेअर या नांवानेंच ओळखतात.

या वस्तूची दुसरी नवलाई अशी कीं, ती जशी विकली जाते तशीच ती फुकटहि उचलली जाते. बिझिनेस सॉफ्टवेअर अलायन्स या नांवाचा सॉफ्टवेअर-कंपन्यांचा एक संघ आहे. त्यानें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांतील संगणकांवर २०११ सालीं शेंकडा ६३, व २०१७ सालीं शेंकडा ५६ सॉफ्टवेअर विनापरवाना होतें. म्हणजे विकत घेणारांहून उचलणारेच अधिक.

यासाठीं मोठ्या शहरांत जाण्याचें कारण नाहीं. पुणें-सोलापूर रस्त्यावरील आमच्या वरवंडासारख्या गांवींहि संगणक घरीं आला कीं त्यांत विंडोज, ऑफिस, मराठी टंक, चित्रें सुधारण्याचें साधन, हें सारें 'घालून' येतें. पावतीवर मात्र केवळ यंत्राची किंमत असते. ज्या घरांतील वडील माणसें भाजीवाल्यानें चुकून अधिक दिलेले पांच रुपये परत पाठवितात, त्याच घरांतील संगणक हजारों रुपयांच्या चोरट्या प्रतींवर वर्षानुवर्षें चालतो, आणि त्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं. हें ढोंग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चोरी म्हणजे काय याविषयींची आपली कल्पना भांड्याकुंड्यांच्या आणि दाणागोट्याच्या जगांत घडलेली आहे. ती या नव्या वस्तूस नीट लागू पडत नाहीं, म्हणून मन बिचकत नाहीं. तेव्हां ही चोरी आहे काय, असल्यास तींत नेमकें कोणाचें काय जातें, आणि ज्यांचें जातें त्या कंपन्या तिचा बंदोबस्त कसा करतात, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं एकदां शांतपणें करावा हें बरें.

पाणी आणि प्रत

खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यांतून पुढें इंदापुराकडे जातो, आणि वरवंडचा तलाव त्याच पाण्यानें भरतो. या पट्ट्यांतील ऊस त्या पाण्यावर उभा आहे. त्यामुळें पाणी चोरणें म्हणजे काय, हें येथील शाळकरी पोरासहि समजावून सांगावें लागत नाहीं. आवर्तन सुटलें असतां कोणी रात्रीं कालव्यांत पाइप टाकून पाणी उपसलें, तर शेवटच्या टोकाच्या, म्हणजे ज्यास येथें टेलचा म्हणतात त्या शेतकऱ्याचें पीक वाळतें. एकाच्या शेतांत गेलेलें पाणी दुसऱ्याच्या शेतांत जात नाहीं. चोरीविषयींची आपली सारी नीति याच गोष्टीवर उभी आहे: घेणाऱ्यास जें मिळालें तें धन्याचें गेलें.

सॉफ्टवेअरची प्रत करतांना असें कांहींच घडत नाहीं. मूळ प्रत जागच्या जागीं राहते, आणि तशीच दुसरी क्षणांत तयार होते. धन्याच्या घरांतून एक कवडीहि हलत नाहीं. विद्या दिल्यानें कमी होत नाहीं असें आपण लहानपणापासून ऐकत आलों; सॉफ्टवेअर ही तशीच विद्येच्या जातीची वस्तु आहे. मग चोरी कशाची, असा प्रश्न तरुण मंडळी करतात, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं.

परंतु कालव्याच्याच दृष्टांताची दुसरी बाजू पाहावी. कालवा वाहता झाल्यावर आणखी एका शेताकडे पाणी वळविण्यास खर्च थोडा लागतो. परंतु तत्पूर्वीं धरण बांधावें लागतें, डोंगर फोडून कालवा खणावा लागतो, आणि तो खर्च प्रचंड असतो. सॉफ्टवेअरचें हेंच आहे. त्याची पहिली प्रत तयार होण्यास अनेक माणसांचीं वर्षें आणि लाखों, कधीं कोट्यवधि रुपये लागतात. दुसऱ्या प्रतीस जवळजवळ कांहींच लागत नाहीं. अर्थशास्त्रज्ञ असें सांगतात कीं, खुल्या चढाओढींत वस्तूची किंमत घसरत घसरत पुढचा एक नग करण्यास जो खर्च येतो त्याच्यापाशीं येऊन थांबते. येथें पुढच्या नगाचा खर्चच शून्य! मग पहिल्या प्रतीचा खर्च कोणी भरून द्यावयाचा?

याचें उत्तर असें कीं, तो सर्व वापरणारांनीं थोडथोडा वांटून घ्यावयाचा. सॉफ्टवेअरची जी किंमत आपण देतों ती त्या चकतीची नव्हे, कीं त्या प्रतीचीहि नव्हे. ती पहिल्या प्रतीच्या खर्चांतील, आणि कर्त्याच्या नफ्यांतील, आपल्या वांट्याची वर्गणी होय. गणेशोत्सवाची वर्गणी एका घरानें चुकविली म्हणून मांडव कोसळत नाहीं, आणि त्या घरच्या मुलांस आरतीस उभें राहूं न देण्याइतकें कोणी कठोरहि होत नाहीं. परंतु सर्वांनींच चुकविली तर पुढच्या वर्षीं मांडव उभाच राहत नाहीं. चोरटी प्रत घेणारा हा वर्गणी चुकविणारा आहे. त्याच्या कृत्यानें असलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. पुढें व्हावयाची वस्तु होत नाहीं. ही हानि डोळ्यांस दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक.

एक जुनें पत्र

ही तक्रार जवळजवळ घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं अमेरिकेंतील एका वीस वर्षांच्या तरुणानें संगणकाच्या हौशी मंडळींस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. ऑल्टेअर नांवाच्या छोट्या संगणकासाठीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं बेसिक ही भाषा तयार केली होती. वापरणारे पुष्कळ, परंतु ऑल्टेअर घेतलेल्यांपैकीं शेंकडा दहांहूनहि कमी लोकांनीं ती विकत घेतलेली. तिच्यापायीं ४०,००० डॉलरांहून अधिक किंमतीचा संगणकाचा वेळ खर्ची पडला, आणि मिळकतीचा हिशेब केला तर तासास दोन डॉलरहि पडले नाहींत, असें त्याचें गाऱ्हाणें होतें. यंत्रास पैसे देतां, आणि तें ज्याच्या जोरावर चालतें तें मात्र आपसांत वांटून घेतां, हा त्याचा प्रश्न. या तरुणाचें नांव बिल गेट्स. पुढें त्याच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचें काय झालें तें सर्वश्रुत आहे.

आपल्या देशांत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावल्यांस 'साहित्यकृति' म्हणून स्थान मिळालें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें हिशेबाचें सॉफ्टवेअर आणि एखादें खंडकाव्य हीं एकाच पंक्तीस बसलीं! १९९४ सालच्या दुरुस्तीनें एक नवें कलम, ६३ब, आलें. जाणूनबुजून चोरटी प्रत संगणकावर वापरणारास कमींत कमी सात दिवस व जास्तींत जास्त तीन वर्षें कैद, आणि ५०,००० पासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यांत शिक्षा आहे. व्यापारधंद्यासाठीं वापर नसेल तर न्यायालय कैद न देतां ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर सोडूं शकतें. हें ध्यानांत ठेवावें: नुसती विकणाराची नव्हे, वापरणाराचीहि गांठ या कलमाशीं आहे. उलट, विकत घेतलेल्या प्रतीची नाश पावण्याच्या भयानें एक जादा प्रत काढून ठेवणें, यास कायद्याची मोकळीक आहे.

चोरीपासून लाभ कोणास?

येथवर गोष्ट सरळ आहे. आतां तिच्यांतील गुंतागुंत पाहूं.

एका वाड्यांत मासिकाचा वर्गणीदार एक असतो, आणि अंक वाचणारीं घरें चार. संपादकांस ठाऊक असतें, परंतु ते रागावत नाहींत. कारण त्या चार घरांतील एखादी लेक सासरीं गेली कीं तेथें नवी वर्गणी भरते. फुकट वाचणारा हा उद्यांचा गिऱ्हाईक असतो. सॉफ्टवेअरच्या बाबतींत ही गोष्ट कितीतरी अधिक प्रबल आहे. कारण तें जितके लोक वापरतात तितकें तें प्रत्येकास अधिक उपयोगी पडतें. ज्या साधनानें शेजाऱ्यानें पत्र लिहिलें तेंच आपल्याकडे असेल तर तें उघडतां येतें, अडलें तर चार माणसें सांगणारीं भेटतात, आणि नोकरीच्या जागींहि तेंच चालतें. गिव्हॉन, महाजन आणि म्युलर या तीन अभ्यासकांनीं १९९५ सालीं ब्रिटनमधील लेखनाच्या व हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वापरणाऱ्या सातांपैकीं सहा जण चोरटी प्रत वापरीत होते. तथापि जे नवे विकत घेणारे झाले त्यांपैकीं शेंकडा ऐशींहून अधिक या चोरट्या मंडळींच्या प्रभावानेंच झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ज्यांनीं १९७६ सालीं तें पत्र लिहिलें त्या गेट्स महाशयांनींच १९९८ सालीं एका विद्यापीठांतील भाषणांत चीन देशाविषयीं बोलतांना मोकळेपणीं सांगितलें कीं, तेथील लोक चोरणारच असतील तर त्यांनीं आमचेंच चोरावें. संवय लागेल, आणि पुढें दहा वर्षांत पैसे कसे वसूल करावयाचे तें आम्ही पाहून घेऊं. यजमानानें चोरास पाट मांडावा असा हा प्रकार! परंतु त्यांत व्यापाराचें शहाणपण भरपूर आहे. महाराष्ट्रांत २००२ सालापासून एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गांवोगांव पोंचला, सरकारी नोकरीस त्याचें प्रमाणपत्र लागूं लागलें, आणि लक्षावधि मुलामुलींची संगणकाशीं पहिली ओळख विंडोज व ऑफिस यांच्याच द्वारें झाली. शिकलेलें साधन घरींहि हवेंसें वाटणें स्वाभाविक होतें. अशा रीतीनें एका साधनाची संवय साऱ्या प्रांतास लागते. मग कचेऱ्या, बँका, कारखाने यांस तेंच विकत घ्यावें लागतें, आणि त्यांच्याकडून पैसे वसूल करणें सोपें असतें.

म्हणूनच चोरट्या प्रतींमुळें अमुक कोटींचें नुकसान झालें असे जे आंकडे कंपन्यांचे संघ छापतात ते जपून वाचावे. दौंडच्या कॉलेजांतील ज्या मुलानें चाळीस हजारांचें चित्रकामाचें साधन फुकट उतरवून घेतलें, तो तें चाळीस हजार देऊन कधींच घेणार नव्हता. त्याची प्रत ही बुडालेली विक्री नव्हे. जो फोटोस्टुडिओवाला तेंच साधन धंद्यास वापरून लग्नसराईंत पैसे मिळवितो, त्याची प्रत मात्र निश्चित बुडालेली विक्री आहे. दोघांस एकाच तराजूंत घालणें हा खोटा हिशेब होय.

परंतु वाचकांनीं यावरून चोरी लाभदायकच आहे असें अनुमान काढूं नये. लाभ होतो तो थोरांस. ज्याचें साधन अगोदरच सर्वत्र पसरलें आहे त्याचें तें चोरीनें आणखी पसरतें. आणि जो लहान आहे, नवा आहे, ज्याचें गिऱ्हाईक मोजकें आहे, त्याच्या वाटेंत मोठ्याची फुकट प्रत धोंड होऊन बसते. मोठ्याचें हजारों रुपयांचें साधन चोरून शून्यांत मिळत असतां लहान्याचें पांचशे रुपयांचें कोण घेतो? इतकेंच काय, जें मुळांतच विनामूल्य आहे, त्या लिनक्ससारख्या साधनांचेंहि यानें नुकसान झालें. दोन्ही फुकटच, तर मग ज्याची किंमत अधिक तें कां न घ्यावें, असा मनुष्याचा स्वभाव आहे. चोरी मोठ्याची होते आणि भुर्दंड लहान्यास पडतो, हें या अर्थशास्त्राचें सार होय.

कंपन्यांचे चार उपाय

कंपन्यांनीं योजिलेले उपाय पाहिले तर ते चार प्रकारांत बसतात: कुलूप, कायदा, किंमत आणि सेवा. राजनीतींतील साम, दान, दंड, भेद यांची आठवण व्हावी असाच हा चतुर्विध प्रयोग आहे.

कुलूप हा पहिला. आरंभीं फ्लॉपीचीच नक्कल होऊं नये अशा युक्त्या केल्या. मग संगणकाच्या मागें खोंचावयाचा एक लहानसा खुंटा, ज्यास डोंगल म्हणतात, तो निघाला. खुंटा नसेल तर साधन चालतच नाहीं. २००१ सालीं विंडोज एक्स.पी.बरोबर नोंदणीचें कुलूप आलें: प्रत घातल्यावर कंपनीकडे तिची नोंद झाली पाहिजे. कुलुपाचा दोष असा कीं, चोर तें फोडतो आणि सावास तें नडतें. खुंटा हरवला, यंत्र बदललें, तर पैसे दिलेला मनुष्यच दारांत ताटकळतो. २००८ सालीं चीनमध्यें चोरट्या विंडोजवर दर तासास पडदा काळा होण्याची योजना मायक्रोसॉफ्टनें केली, तेव्हां लोक चोरी सोडण्याऐवजीं कंपनीवरच संतापले.

दुसरा कायदा. धाडी, नोटिसा, खबर देणारास बक्षीस, हे प्रकार आपल्याकडेहि झाले. महाराष्ट्रानें तर २००९ सालीं झोंपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यासाठीं केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यांत चित्रपटांच्या चोरट्या प्रती काढणारांसहि ओढलें. परंतु कायद्याचा हात कंपन्या व कचेऱ्या यांच्यापर्यंत पोंचतो. घरोघरीं पोंचणें त्यास परवडत नाहीं. कंपन्यांनाहि तें नकोच असतें, कारण आजचा घरचा चोर हा उद्यांचा कचेरींतील गिऱ्हाईक आहे.

तिसरा किंमत. बोरलंड या अमेरिकन कंपनीनें १९८३ सालीं टर्बो पास्कल हें साधन, तशीं इतर साधनें शेंकडों डॉलरांस जात असतां, अवघ्या पन्नास डॉलरांच्या आंत आणि कुलूप न घालतां विकलें. पुढें त्याच कंपनीनें आपल्या करारपत्रांत गिऱ्हाइकास सांगितलें कीं, हें पुस्तकासारखें वापरा: कोणासहि द्या, परंतु एका वेळीं दोन ठिकाणीं तें असूं नये. लोकांनीं तें हौसेनें घेतलें. मायक्रोसॉफ्टनें २००५ सालीं आपल्या देशांत हिंदी विंडोजची एक स्वस्त 'स्टार्टर' आवृत्ति काढली. परंतु तींत एका वेळीं तीनच साधनें उघडत. पूर्ण वस्तु चोरून मिळत असतां अर्धी वस्तु विकत कोण घेणार? किंमत कमी करावी, पण वस्तूचें अंग तोडूं नये, हा त्यांतील धडा.

चौथा, आणि सर्वांत यशस्वी ठरलेला उपाय म्हणजे सेवा. प्रत विकूंच नये. प्रतीमागून जें येतें तें विकावें. याचें उत्तम उदाहरण पुण्यांतच आहे. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या कामास लागले. १९९३ सालीं त्यांनीं पुण्यांत संगणक-दुरुस्तीचें दुकान थाटलें. फ्लॉपी एका यंत्रांतून दुसऱ्यांत फिरतांना तिच्याबरोबर व्हायरसहि फिरत, आणि चोरट्या प्रती हें त्यांचें आवडतें वाहन. त्यांचे बंधु श्री. संजय काटकर यांनीं त्यावर उतारा लिहिला, आणि १९९५ सालीं 'क्विक हील' बाजारांत आलें. २०१६ सालीं त्या कंपनीचे भाग शेअरबाजारांत दाखल झाले. या धंद्यांतील खुबी अशी कीं, व्हायरसचा कालचा उतारा आज चालत नाहीं. रोज नवी माहिती कंपनीकडून यावी लागते, आणि ती नोंदणी केलेल्यासच मिळते. नुसती प्रत चोरून काय करावयाचें? वैद्याची एक पुडी पळविली म्हणून वैद्य घरीं येत नाहीं! हिशेबाच्या टॅलीचेंहि तसेंच. राज्यांत २००५ सालीं व्हॅट आला, २०१७ सालीं जी.एस.टी. आला, कराचे नियम बदलतील तसें साधनहि बदललें पाहिजे, म्हणून व्यापारी वार्षिक नूतनीकरण करतो.

मोठ्या कंपन्यांनीं हाच मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं ऑफिस ३६५ काढलें, आणि अडोबीनें २०१३ सालीं आपलीं चित्रकामाचीं नवीं साधनें एकरकमी विकणें बंद करून मासिक वर्गणीवर देण्याचें ठरविलें. यानें चोरीस आळा बसला. परंतु गिऱ्हाईक मालकाचा भाडेकरी झाला: वर्गणी थांबली कीं हत्यार हातांतून गेलें. घर विकत घेण्याची ज्यांस संवय आहे त्या आमच्या पिढीस हें भाडें जड वाटतें, आणि वाटावें हेंच योग्य.

मराठी अक्षरांची किंमत

आतां जी गोष्ट आम्हांस विशेष जवळची आहे तिच्याकडे वळूं. संगणकावर मराठी अक्षरें फुकट उमटलीं नाहींत. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें सुरू झालेलें काम १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत आलें, आणि 'जिस्ट' नांवाचें कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे देवनागरी दिसूं लागली. पुढें सी-डॅकचें आय.एस.एम., पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि, हीं साधनें छापखान्यांत व डी.टी.पी.च्या दुकानांत आलीं. एकेक टंक काढणें म्हणजे शेंकडों जोडाक्षरें, रफार, वेलांट्या, उकार यांची एकेक रेघ हातानें सुधारणें. 'द्ध' आणि 'ध्द' यांतील भेद ज्याच्या डोळ्यांस खुपतो त्यासच या कामाचें मोल कळेल.

या साधनांचें गिऱ्हाईक किती? छापखाने, वृत्तपत्रें, कचेऱ्या आणि डी.टी.पी.वाले. इंग्रजी साधनाचा पहिल्या प्रतीचा खर्च साऱ्या जगावर वांटला जातो. मराठीचा तो मूठभर लोकांवर पडतो. म्हणून किंमत अधिक, आणि म्हणून कुलूपहि: खुंटा लावल्याखेरीज हीं साधनें चालत नसत. मोठ्या कंपनीप्रमाणें चोरीकडे कानाडोळा करून पुढें वसूल करूं, असें म्हणण्याची चैन या मंडळींस परवडणारी नव्हती.

परंतु टंक कुलपांत राहत नाहीं. त्या काळीं प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी असे. एकाच्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला तर अक्षरांऐवजीं खिळे-मोळे दिसत. साहजिकच मजकुराबरोबर टंकहि पाठवावा लागे, आणि लग्नपत्रिकेच्या मजकुरामागोमाग टंकाची फाइल गांवोगांव फिरे. कुलूप होतें म्हणून वाचणारे चोर झाले, आणि चोर होते म्हणून कुलूप आणखी घट्ट झालें. या रस्सीखेचींत मराठीचें नुकसान असें झालें कीं, वर्षानुवर्षांचा मजकूर निरनिराळ्या मांडण्यांत अडकून पडला; तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सरळ नेतां येईना, कीं शोधतां येईना.

यांतून सुटका झाली ती कुलपानें नव्हे, धाडीनेंहि नव्हे. युनिकोड नांवाची जगांतील सर्व लिप्यांची एक सामाईक मांडणी १९९१ पासून सिद्ध होत गेली, आणि तींत देवनागरीस स्थान मिळालें. मायक्रोसॉफ्टसाठीं कै. र. कृ. जोशी यांनीं 'मंगल' हा टंक रेखाटला व तो विंडोजबरोबरच येऊं लागला. २००५ पासून केंद्र सरकारनें निरनिराळ्या भाषांचे टंक व साधनें विनामूल्य वांटण्यास आरंभ केला. राज्य मराठी विकास संस्थेनें मुंबईच्या आय.आय.टी.कडून 'यशोमुद्रा' हा टंक करवून सर्वांस मोकळा केला. संस्कृतासाठीं उत्तम असा 'शोभिका' हाहि त्याच आय.आय.टी.चा; आणि मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे 'मुक्त' व 'बलू' हे टंक आज कोणीहि राजरोस उतरवून घेऊं शकतो. यांतील अर्थशास्त्र ध्यानांत घ्यावें. येथें कर्ता उपाशी राहिला नाहीं. त्याची मजुरी एकदांच, सरकारनें किंवा मोठ्या संस्थेनें, एकरकमी दिली, आणि नंतर प्रती मोकळ्या सोडल्या. कालवा सरकारनें खणला आणि पाणी मोकळें झालें, तसाच हा प्रकार. लहान भाषेस हाच मार्ग मानवतो असें आमचें मत आहे.

घरोघरीं काय करावें?

दौंड-शिरूरकडच्या कितीतरी घरांतील मुलगे व मुली आज हिंजवडीस, खराडीस सॉफ्टवेअर लिहून पगार आणतात. त्यांच्या कंपन्या बहुशः परदेशच्या गिऱ्हाइकांसाठीं काम करून तासावर मोबदला घेतात. आपले स्वतःचें साधन करून देशांत त्याच्या प्रती विकणाऱ्या कंपन्या त्या मानानें थोड्या. याचीं कारणें अनेक असतील. परंतु ज्या देशांत प्रतीस पैसे देण्याची रीत नाहीं तेथें प्रतीवर पोट भरणारा धंदा सहसा वाढत नाहीं, हें त्यांतील एक निश्चित आहे. आपल्या घरच्या मुलांनीं दुसऱ्यांची चाकरी करावी कीं स्वतःचें कांहीं घडवून विकावें, याचा संबंध आपल्या पावतीवर काय लिहिलें जातें त्याच्याशीं आहे.

तेव्हां वाचकांस आमची सूचना एवढीच. संगणक घेतांना विंडोज हवें असल्यास तें पावतीवर लिहून घ्यावें. तें परवडत नसेल तर चोरी करण्याचें कारणच उरलेलें नाहीं: लिनक्स, लिब्रऑफिस, वर सांगितलेले टंक, हें सारें कर्त्यांच्या संमतीनेंच विनामूल्य आहे, आणि घरगुती पत्रव्यवहार, हिशेब व मुलांचा अभ्यास यांस तें पुरून उरतें. 'क्रॅक' या नांवानें मिळणाऱ्या फाइली घरांत आणूं नयेत. पत्त्याशिवाय आलेल्या पेढ्यांसारख्या त्या असतात, आंत काय घातलें आहे तें खाल्ल्यावर कळतें. ज्यांचा धंदा सॉफ्टवेअरवर चालतो त्या छापखानेवाल्यांनीं, स्टुडिओवाल्यांनीं व कचेऱ्यांनीं तर ६३ब कलम विसरूं नये. शाळांनींहि मुलांसमोर चोरटी प्रत लावून सत्यावर पाठ देऊं नये.

आणि शेवटीं, खिशांत पैसे मोजकेच असतील तर ते आधीं लहान्यास द्यावेत. सातासमुद्रांपलीकडील कोट्यधीशास आपली वर्गणी थोडी उशिरां पोंचली तरी त्याचें अडत नाहीं. परंतु सदाशिव पेठेंतील एखाद्या खोलींत बसून मराठी शुद्धलेखनाची तपासणी करणारें, पंचांग मांडणारें, किंवा शेतकऱ्याच्या हिशेबाचें साधन जो तरुण आज लिहीत असेल, त्यास पन्नास घरांनीं शंभर शंभर रुपये दिले तर तो पुढच्या वर्षीं दुसरी आवृत्ति काढील, आणि न दिले तर तो मुकाट्यानें परदेशच्या चाकरीस लागेल. त्याच्या न झालेल्या साधनाची चोरी मात्र कोणासहि करतां येणार नाहीं.